आईचे शब्द, दुसऱ्याच्या तोंडून

तेल्हाऱ्याजवळच्या एका गावात माझी पहिली नेमणूक झाली तेव्हा शाळेत आम्ही चौघं होतो. मुख्याध्यापक, दोन शिक्षक आणि मी. शाळेच्या व्हरांड्यात उभं राहिलं की उत्तरेला सातपुडा दिसायचा. कपाशीच्या काळ्या रानांपलीकडे एक निळसर रेघ, बस. माझं गाव त्या रेघेच्या पलीकडे होतं, धारणीकडे. सरळ रेषेत फार लांब नसेल. पण जायचं म्हणजे आधी अकोट, मग परतवाडा, मग सेमाडोहच्या घाटातून वळणं घेत जाणारी बस. सकाळी निघालं तर दिवस त्यातच जायचा.

पहिल्या दिवशी मुख्याध्यापकांनी विचारलं, "मॅडम, कुठल्या म्हणायच्या तुमी?"

"धारणीकडची."

"म्हंजे मेळघाटातल्या? मंग तुमी..."

"हो. कोरकू."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत एकदा पाहिलं आणि अगदी मनापासून, कौतुकानं म्हणाले, "वाटत नाही हो तुमी तश्या. भाषा किती साफ हाय तुमची!"

माणूस चांगला होता. पुढे माझ्या तापाच्या दिवसांत त्यांच्या घरून डबा यायचा, माझे कागद त्यांनी स्वतः पंचायत समितीत फिरवले. पण त्यांचं ते वाक्य मी कितीतरी वर्षं सोबत घेऊन फिरले. वाईट याचं वाटलं की ते ऐकून मला आधी बरं वाटलं होतं.

मी वयाच्या सहाव्या वर्षी आश्रमशाळेत गेले. तिथं मराठी शिकले आणि चांगली शिकले. वक्तृत्वात बक्षिसं मिळवली. अमरावतीला डी.एड.ला होते तेव्हा वसतिगृहातल्या मुलींना मी नागपूरकडची वाटायचे आणि मी त्यांना तसं वाटू द्यायचे. खोटं बोलले नाही. कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही, एवढंच. पुढे नोकरी लागल्यावर तेच चालू राहिलं. स्टाफरूममध्ये मेळघाटाचा विषय निघाला की कुपोषण, जादूटोणा आणि वाघ, एवढ्या तीन गोष्टींत तो संपायचा. मी वह्या तपासत राहायचे.

तेल्हाऱ्यात मी एका फुलशेतीवाल्या कुटुंबाकडे खोली घेतली होती. शेवंती आणि झेंडूची शेती. घरमालकीण काकू सकाळी अंगणात फुलांच्या ढिगापाशी बसलेल्या असायच्या. रविवारी मी दाराशी दिसले की म्हणायच्या, "काहो बाई, आज तं रविवार हाय. गावाले नाही गेल्या का?"

"लांब पडतं काकू."

"मंग या इकडं बसा. एकट्या खोलीत काय करून राह्यल्या?"

मी जाऊन बसायचे. त्या बोलत राहायच्या, मी हार ओवायला मदत करायचे. तेवढ्यात आईचा फोन यायचा. आई कोरकूच बोलते, तिला दुसरं फारसं येत नाही. ती विचारायची, जेवलीस का, पाय दुखतो का, कधी येतेस. मी काकूंसमोर मराठीत उत्तरं द्यायचे. आईला मराठी थोडं कळतं, तिचं काम भागायचं. मग कधीतरी लक्षात आलं, की खोलीत दार लावून एकटी असतानासुद्धा मी तिला मराठीतच उत्तर देत होते.

अशातच एका दुपारी, शाळा सुटल्यावर, अनोळखी नंबरवरून फोन आला. एक पुरुषी, वयस्क आवाज. थेट कोरकूत. कोण बोलतंय हेही न सांगता त्यांनी विचारलं, तुझ्या गावची नदी यंदा अजून वाहते का. मी गोंधळले आणि मराठीत म्हणाले, "आपण कोण बोलताय?"

ते हसले. मग मराठीत म्हणाले, "मी पण मास्तरच आहे. चांदूर बाजारला. कोरकू शिक्षक कुठंकुठं विखुरलेत ते शोधतोय. तुझ्या डी.एड. कॉलेजातून नंबर मिळाला. महिन्यातून एक रविवार अमरावतीला बसतो आम्ही. येशील?"

मी म्हणाले, "बघते."

तीन महिने मी नुसतं बघितलं. चौथ्या महिन्यात गेले, तेही काकूंचे सगळे पाहुणे आले होते आणि मला अंगणात जागा उरली नव्हती म्हणून.

अमरावतीत बस स्टँडपासून जवळ एका वसतिगृहाच्या जेवणघरात ही बैठक असायची. मी पोहोचले तेव्हा मला धरून सात जण झाले. स्टीलचे बाक, भिंतीवर आठवड्याच्या जेवणाचा तक्ता, आणि एक न चालणारा पंखा. सर, म्हणजे ज्यांचा फोन आला होता ते, निवृत्तीला आलेले, पांढऱ्या मिशांचे, पायात साध्या चपला. त्यांनी सगळ्यांची ओळख करून दिली. ओळखी झाल्या, चहा झाला, कोणाला किती वर्ग, कोणाकडे किती मुलं हे सगळं झालं. तासाभराने सर म्हणाले, "इथं सगळे आपलेच आहेत. आणि बोलतोय मराठीत. कोणासाठी?"

मग एकानं प्रयत्न केला. दोन वाक्यं बरी गेली, तिसऱ्यात 'मूल्यमापन' आलं आणि तो अडकला. सगळे हसले, मीही हसले. मग माझी पाळी आली. मी तोंड उघडलं आणि सहा वर्षांच्या मुलीची कोरकू बाहेर आली. पाणी, भाकर, घर, आई, भीती वाटते, झोप येते. एवढंच माझ्याजवळ होतं. त्यापुढचं आयुष्य सगळं मी मराठीत जगले होते.

त्या दिवशी शिक्षणावर फारसं बोलणं झालंच नाही. एकानं सांगितलं की त्याच्या शाळेतल्या मॅडम त्याचा डबा बघून "आज काय कंदमुळं का?" म्हणतात आणि तो दरवेळी हसतो. दुसऱ्यानं सांगितलं, दहा वर्षं झाली, गावच्या एकाही लग्नाला सहकाऱ्यांना बोलावलं नाही. ऐकता ऐकता कळलं की आम्ही सातही जण आपापल्या शाळेत एकेकटेच होतो. सात शाळांत सात खोल्या, आणि प्रत्येक खोलीत एक माणूस जपून बोलणारं.

तिथं मला एक मैत्रीण मिळाली. ती अकोल्याला, जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पलीकडच्या एका शाळेत गणित शिकवायची. परतीला आम्ही अमरावतीहून अकोल्यापर्यंत एकाच बसने यायचो. तिची कोरकू चांगली होती. आजीजवळ वाढली होती ती. एकदा मूर्तिजापूर ओलांडल्यावर ती म्हणाली, "बघ, मराठीत 'आपण' म्हटलं की दोन माणसं का दोनशे, काही कळत नाही. आपल्यात दोघांचा शब्द वेगळा आहे. आलांग. म्हणजे तू आणि मी. तिसरं कोणी नाही."

हा शब्द मला लहानपणी येत असणार. आई मला पाण्यावर नेताना हेच म्हणत असणार. पण त्या दिवशी बसमध्ये मी तो नव्याने शिकले, आणि अकोला येईपर्यंत मनातल्या मनात म्हणत राहिले.

दोन वर्षं आम्ही बसत होतो. मग एका सरकारी प्रशिक्षणाला आमच्या गटाला बोलावणं आलं. विषय होता आदिवासी मुलांना पहिलीत त्यांच्या भाषेतून कसं शिकवावं. आम्ही खूश होतो. मैत्रिणीने तर बेरीज-वजाबाकीसाठी बियांचे खेळ तयार करून आणले होते. मोठ्या शहरातून आलेल्या तज्ज्ञ बाई पडद्यावर चित्रं दाखवत दुपारपर्यंत बोलल्या. त्यात मेळघाटचं एकही चित्र नव्हतं. जेवणाच्या सुट्टीआधी त्या आमच्याकडे वळून म्हणाल्या, "आणि आता आपले आदिवासी शिक्षक आपल्याला त्यांचं एक पारंपरिक नृत्य करून दाखवतील!"

टाळ्या वाजल्या. आम्ही बसूनच राहिलो. मग मैत्रीण उभी राहिली.

"मॅडम, मी गणिताची शिक्षिका आहे," ती म्हणाली. "मी बियांचे खेळ आणलेत. ते दाखवू का?"

बाई ओशाळल्या. वेळ कमी आहे, चारनंतर बघू, म्हणाल्या. चारनंतर चहा झाला आणि सगळे घरी गेले. मैत्रिणीने बियांची पिशवी उघडलीच नाही. बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. काय बोलायचं ते मला कुठल्याच भाषेत सुचलं नाही.

सर मात्र गप्प बसले नाहीत. ते आठवडाभर शिक्षण कार्यालयाच्या पायऱ्या चढत-उतरत राहिले. कोणाशी भांडले नाहीत. एवढंच म्हणत राहिले, "साहेब, एक दिवस आम्हाला द्या. जागा आमची, शिकवणारे आमचे. तुम्ही फक्त शिक्षक पाठवा." शेवटी एक दिवस मिळाला. जागा कुठली, यावर बैठकीत बरंच बोलणं झालं. रस्त्याला लागून असलेलं आणि मोठं अंगण असलेलं घर हवं होतं. धारणीकडचं आमचं घर तसं होतं. सर म्हणाले, "तुझी आई शिकवेल का?"

आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "मी काय शिकवू मास्तरांना? मला अक्षर येत नाही."

"तुला येतं तेच," मी म्हणाले. मराठीत.

फेब्रुवारीतला दिवस होता. वीसेक शिक्षक दोन गाड्यांतून आले. बहुतेक सपाटीवरचे, मेळघाटात नेमणूक झाल्यावर बदलीची वाट पाहत दिवस काढणारे. त्यांना अंगणात बांबूच्या तट्ट्यांवर बसवलं. आईने त्या दिवशीसाठी नवं लुगडं नेसलं होतं आणि सकाळपासून तिने एकदाही माझ्याकडे पाहिलं नव्हतं. लाजली असेल, असं मला वाटलं.

ठरलं असं होतं की आई घरातली रोजची कामं करत करत बोलेल, मी ते मराठीत सांगेन, आणि त्यातून गणित कसं काढायचं, भाषा कशी काढायची हे मैत्रीण आणि सर दाखवतील. सुरुवात छान झाली. आईने मापं दाखवली, ओंजळ, पसा, टोपली. सावलीवरून वेळ कशी ओळखायची ते दाखवलं. मी भराभर सांगत होते. शिक्षक लिहून घेत होते. मला वाटलं, जमतंय.

मग आईने कुटकी, आमच्याकडचं बारीक धान्य, सुपात घेतली आणि पाखडायला लागली. पाखडता पाखडता ती बोलत होती. कोणता दाणा कुठे जातो, का जातो. वर येऊन उडणाऱ्या हलक्या दाण्यासाठी तिने एक शब्द वापरला. मग भरलेल्या दाण्यासाठी दुसरा. मग सुपाच्या त्या विशिष्ट हिसक्यासाठी तिसरा. आणि मी थांबले.

मला एकही शब्द माहीत नव्हता.

आईने पुन्हा सांगितलं, जरा सावकाश. तिला वाटलं मला ऐकू आलं नाही. मी सरांकडे पाहिलं. सरांना ते शब्द येत होते, मला खात्री आहे. पण ते माझ्याकडे बघत राहिले, बोलले नाहीत. शेवटी मी म्हणाले, "मला माहीत नाही."

कोणीतरी पेन खाली ठेवल्याचा आवाज आला.

तेवढ्यात मागून एक तरुण शिक्षक म्हणाला, "मॅडम, सांगू का मी? पोचट. तो पहिला शब्द म्हणजे पोचट दाणा. आत भरेल नाही, असा. दुसरा भरेल दाणा. अन् तो तिसरा, सूप असं झटकते ना, त्याले म्हणते."

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. तो चांदूर बाजारकडचा, शेतकरी घरातला मुलगा होता. मेळघाटात नेमणूक होऊन चार वर्षं झाली होती त्याला. त्याने घाईघाईने पुढे सांगितलं, "पोरायनं शिकवलं मले. मी पहिलीले हाय ना. त्याहिले मराठी नाही ये, मले कोरकू नाही ये. मंग आमी अर्धं अर्धं वाटून घेतलं."

आईचा चेहरा खुलला. तिने त्याला काहीतरी विचारलं. तो उत्तर देऊ लागला, अडखळत, वऱ्हाडी हेल काढत, पण कोरकूत. आई हसली. मग तिने त्याला जवळ बोलावलं आणि सूप त्याच्या हातात दिलं. त्याने पाखडलं तर निम्मी कुटकी अंगणात सांडली. कोंबड्या धावल्या, सगळे हसले. पुढचा सगळा वेळ आई त्याच्याशी बोलली आणि तो सगळ्यांना सांगत राहिला. मी हळूच मागे जाऊन भिंतीशी बसले.

कार्यक्रम उत्तम झाला असं सगळ्यांनी सांगितलं. कार्यालयातून आलेल्या साहेबांनीही सांगितलं. एक शिक्षिका जाताना माझा हात धरून म्हणाली, "तुमी लय नशीबवान. अशी आई हाय तुमाले." मी मान डोलावली. तो दिवस आम्हीच मागून घेतला होता, तो आला आणि चांगला झाला. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण मी माझ्याच अंगणात पाहुणी होते आणि पाहुणा घरचा झाला होता, हेही खरं होतं. त्या मुलाचा मला राग आला नाही. राग आला असता तर बरं झालं असतं.

गाड्या गेल्यावर आई आणि मी तट्टे गुंडाळत होतो. ऊन कलायला लागलं होतं. मी वही काढली आणि तिला म्हटलं, ते तिन्ही शब्द पुन्हा सांग, लिहून घेते. तिने सांगितले. मी लिहिले. आणखी विचारले, तेही सांगितले. मग ती थांबली.

"तू माझं बोलणं लिहून घेतेस," ती म्हणाली. "बोलत नाहीस."

मी वही मिटली.

"तुझी चूक नाही. सहाव्या वर्षी तुला जीपमध्ये मीच बसवलं. तू रडत होतीस. मी म्हटलं, शिकेल. शिकलीस." तट्ट्याची कडा हाताने सरळ करत ती म्हणाली, "एवढं लांब जाशील असं कुठं माहीत होतं."

नंतर बरंच काही बदललं. सर निवृत्त झाले. तरी बैठकीला येतात, पण गुडघ्यांमुळे दर वेळी जमत नाही. मैत्रिणीचं लग्न झालं, नवरा मध्य प्रदेशात, खंडव्याकडे. तिने अकोल्याची नोकरी सोडली आणि तिकडच्या एका खासगी शाळेत लागली. सुरुवातीला फोन यायचे. आता दिवाळीला येतो. अमरावतीहून परत येताना मूर्तिजापूरनंतर मी डोळे मिटून घेते.

मी अमरावती जिल्ह्यात बदली मागितली. दुसऱ्या जिल्ह्यात जायचं म्हणजे यादी, ज्येष्ठता, जागा. तीनदा अर्ज केला. अजून तेल्हाऱ्याजवळच आहे. मुख्याध्यापक नवे आले. काकू आता थकल्या आहेत, फुलं सुना बघतात. आईला मी आता कोरकूत उत्तर देते. चुकते. ती सुधारते. कधी कधी आम्ही दोघी एका शब्दावरच इतका वेळ घालवतो की खरं बोलायचं ते राहूनच जातं.

मागच्या हिवाळ्यात हरभऱ्याच्या सोंगणीला डोंगरातून काही कुटुंबं आमच्या गावात उतरली. दरवर्षी उतरतात. त्यांची पोरं शेताच्या बांधावर असतात. या वेळी मी शाळा सुटल्यावर त्यांच्या पालांवर गेले आणि एका सात वर्षांच्या मुलीला शाळेत घेऊन आले. पहिले दोन दिवस ती दाराला टेकून बसली, आत येईना. तिसऱ्या दिवशी भर वर्गात, सगळ्या मुलांसमोर, मी तिला कोरकूत म्हणाले, आत ये, पाणी पी, माझ्याजवळ बस. एवढ्या वर्षांत त्या शाळेत मी ती भाषा कधी मोठ्याने बोलले नव्हते.

मुलीने माझ्याकडे रोखून पाहिलं. मग म्हणाली, "तू नीट बोलत नाहीस."

"मग कसं म्हणायचं?"

तिने सांगितलं. मी तसं म्हटलं. तिने पुन्हा सांगितलं, कारण दुसऱ्यांदाही माझं चुकलं होतं. वर्गातली पोरं तोंडावर हात ठेवून हसत होती, पण हसणं चांगलं होतं. बाईंच्या कोणीतरी चुका काढतंय याची त्यांना गंमत वाटत होती. नवे मुख्याध्यापक दारात उभे होते. त्यांनी विचारलं, "मॅडम, हे कोणती भाषा?"

"माझी," मी म्हणाले.

"अच्छा," म्हणाले आणि गेले. एवढंच झालं. ज्याची मला इतकी वर्षं भीती होती ते एवढंच होतं.

मुलगी तीन आठवडे आली. पाटीवर दहापर्यंत अंक लिहायला लागली. मग एका सोमवारी आली नाही. मी पालांवर गेले तर तिथे फक्त चुलीचे दगड होते. सोंगणी संपली होती, माणसं गेली होती. कोणाला काही सांगून गेली नव्हती, सांगायचं तरी कोणाला.

मी आमच्या कोरकू शिक्षकांच्या फोनवरच्या ग्रुपवर मुलीचं गाव लिहिलं आणि विचारलं, तिकडे कोणाची शाळा आहे का. दिवसभर काही आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ग्रुपवर आता चाळीसेक जण आहेत, पण बोलणारे चार-पाच. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत उत्तर आलं. एका शिक्षिकेचं होतं, मी तिला कधी भेटलेले नाही. आवाज रेकॉर्ड करून पाठवला होता, कोरकूत. म्हणाली, आज आली ती शाळेत. दहापर्यंत अंक लिहून दाखवले. कोणी शिकवलं विचारलं तर म्हणाली, खाली एक बाई आहे.

मी ते पुन्हा ऐकलं. मग व्हरांड्यात उभी राहून तिला उत्तर रेकॉर्ड करायला लागले. दोनदा अडखळले, दोनदा पुसलं. तिसऱ्यांदा बोलत असताना घंटा झाली आणि पोरं धावत आत आली, त्यांच्या गोंगाटासकट ते तसंच पाठवून दिलं आणि वर्गावर गेले.